सगळ्यांत धाकटी

त्या दिवशी दवाखान्यात तपासणीला एक मूल येणार होतं, म्हणून तिनं सकाळीच कपाटाच्या वरच्या खणातून अस्वल खाली काढलं. कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याच्या तपासण्या करणं हे तिचं काम. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेबाहेरून एकेक सूर सोडायचा, आधी मोठा, मग बारीक, मग अगदी असून नसल्यासारखा. सूर ऐकू आला की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं. शंभरी ओलांडलेली माणसं बटण दाबायला फार उतावीळ असतात. सूर सोडलेला नसतानाही दाबतात आणि मग चोरून उत्तर लिहिलेल्या पोरासारखी तिच्याकडे बघतात. लहान मुलांना बटण कळत नाही. त्यांच्यासाठी कोपऱ्यात हे अस्वल ठेवायचं. मुलानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली की अस्वलाच्या पोटातला दिवा लावायचा, म्हणजे पुढच्या आवाजालाही ते मान वळवतं. शिकताना हे सगळं तिनं पाठ केलं होतं. प्रत्यक्षात अस्वल शेवटचं कधी लागलं होतं ते तिला आठवेना. दिवा गेला होता. टेबलावरच्या दिव्यातला बल्ब काढून तिनं अस्वलाच्या पोटात बसवला आणि फडक्यानं त्याचे डोळे पुसले.

मूल आलं ते आईचं बोट धरून, दुडदुडत. बाहेरच्या खोलीत आठ-दहा पेशंट बसले होते आणि नेहमीप्रमाणे एकमेकांशी ओरडून बोलत होते. दार उघडलं आणि सगळे एकदम गप्प झाले. ती काचेपलीकडून बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी लाडानं हाकही मारली नाही. सगळे नुसते बघत राहिले. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसे. जुने पोस्टमास्तर दाराजवळ बसले होते. अतिशय सभ्य माणूस. दर महिन्याला येऊन कानाच्या यंत्रातले बारीक आवाज थोडे कमी करून घ्यायचे, टोचतात म्हणायचे. त्यांनी हात पुढे केला. मुलानं त्यात आपला हात दिला. पोस्टमास्तरांनी तो मनगटाशी धरला आणि मग सोडलाच नाही.

मुलाची आई म्हणाली, "चला आता, आजोबांना टाटा करा." आईनं मुलाला हलकेच ओढलं, तसा त्यांचा हातही मुलाबरोबर पुढे आला. काचेमागून ती धावत बाहेर गेली. "आजोबा, सोडा. त्याची तपासणी आहे." त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, वेड नव्हतं. "हो हो," ते म्हणाले, "थोडा वेळ." शेवटी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. बोटं थंड होती आणि तिला वाटली होती त्यापेक्षा कितीतरी मजबूत. मुलाच्या मनगटावर लाल वळ उठला होता. मूल रडलं नाही. तिनं त्याच्या आईकडे बघितलं, तर ती बाई आपलंच काहीतरी चुकल्यासारखं हसली. "होतं असं," ती म्हणाली. "सवय झालीये त्याला."

तपासणी व्यवस्थित झाली. मूल प्रत्येक आवाजाला वळत होतं, अस्वलाचं पोट उजळत होतं, मुलाचे कान उत्तम होते. पण सवय झालीये त्याला, हे तीन शब्द तिच्या कानांतून जात नव्हते. कारण तिला दिवस गेले होते आणि ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. ठरवून झालेलं नव्हतं. एका महिन्यात गोळी घ्यायचं विसरलं, इतकं साधं. असं आता कुणाचंच होत नसे. बायकांच्या दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली होती, "चाळिशीच तर उलटलीये तुमची. अजून तीस वर्षं निवांत आहेत. घाई काय आहे?" सगळे हेच म्हणायचे. मूल नको असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळ्यांना हवंच होतं. पुढच्या वर्षी, घर लागल्यावर, बढती मिळाल्यावर, जरा मोकळं झाल्यावर. मरण लांब गेलं, तसं सगळंच लांब गेलं. गर्भ काढून टाकायला तिनं येत्या परवा सकाळची वेळ घेतली होती. थोड्या वेळाचं काम असतं, दुपारी कामावरही जाता येतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि तेव्हा तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी ती पायीच घरी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भिंतींना कठडे लावलेले, दर थोड्या अंतरावर बाक, सिग्नलवर हिरवा माणूस इतका वेळ चालत राहायचा की गाड्यांनी इंजिनं बंद करून टाकावीत. ती भराभरा ओलांडून गेली तेव्हा बाकांवरच्या माना तिच्यामागे वळल्या. हे तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण आज मानेवर कुणी बोट फिरवल्यासारखं वाटलं. बिल्डिंगमध्ये तिला अजून छकुली म्हणतात. तिच्यानंतर तिथे कुणी जन्मलंच नाही. लहानपणी ती जिना उतरायला लागली की प्रत्येक मजल्यावरचं दार उघडायचं. कुणी गाल कुरवाळायचं, कुणी खिशात खाऊ कोंबायचं, कुणी म्हणायचं, "पळून दाखव बघू." ती पळून दाखवायची. शाळेत तिच्या वर्गात आधी अकराजण होते, मग चार, मग ती आणि बाई. अंगात ताप असला तरी जावं लागायचं. ती गेली नाही तर वर्ग रिकामा दिसेल आणि वरून कुणी आलं तर शाळा बंद करतील, असं बाई हात जोडून आईला सांगायच्या. एकदा, सात-आठ वर्षांची असताना, ती गच्चीवरच्या टाकीमागे जाऊन बसली होती. खोडी काढायची नव्हती. थोडा वेळ आपल्याकडे कुणी बघू नये, एवढंच हवं होतं. मग खालून हाका सुरू झाल्या. सगळ्या मजल्यांवरून, सगळ्या म्हाताऱ्या आवाजांत, छकुली, छकुली, कुणी रडत, कुणी धापा टाकत. तिला वाटत होतं उठून ओ द्यावी, पण तोंडातून शब्दच फुटेना. ते शोधत शोधत वर येत होते, जिन्यावर काठ्या वाजत होत्या, आणि ती टाकीला पाठ लावून बसली होती. टाकीच्या गार पत्र्याचा तो स्पर्श अजून तिच्या पाठीत होता. सवय झालीये त्याला. तिलाही झाली होती. झाली होती म्हणूनच तर भीती वाटत होती.

घरात पणजी एकटीच होती. आई कामावरून आलेली नव्हती आणि आजी घरात नसायचीच. नव्वदीत तिसरं लग्न करून ती समुद्रकाठच्या गावी राहायला गेली होती आणि फोनवर नव्या नवऱ्याच्या घोरण्याच्या तक्रारी सांगायची. पणजी खिडकीत बसली होती. एकशेवीसच्या आसपासची, चेहरा सुकलेला, नजर मात्र सुईत दोरा ओवेल अशी. रोज संध्याकाळी पणजीचं कानाचं यंत्र पुसून पुन्हा बसवायचं काम तिचं. तिनं यंत्र कानात बसवलं आणि केस मागे सारले.

"किती महिने?" पणजीनं विचारलं.

"कशाचे?"

"मला ऐकायला कमी येतं गं. दिसायला काही झालेलं नाही."

ती खिडकीलगतच्या पलंगाच्या कडेवर बसली. "महिने नाहीत. आठवडे."

"ठेवणारेस?"

"नाही. परवा जातेय."

पणजीनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला पाच झाली. तीन गेली. एक तर माझ्या मांडीवरच. प्रत्येक वेळी पोट वाढायला लागलं की मी घाबरायची, हे तरी जगेल ना. तुला कसली भीती वाटते? आता तर कुणी मरत नाही."

"तीच वाटते," ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं. "ते जगेल, पणजी. दीडशे वर्षं जगेल. आपण सगळे आणि ही सगळी बिल्डिंग त्याच्याकडे बघत बसणार, त्याचा हात धरणार, त्याला पळून दाखव म्हणणार. आणि मग आपण एकेक करून जाणार, उशिरा का होईना, आणि ते सगळ्यांचं करत राहणार. त्याच्या बरोबरीचं कुणी नसणार. मी तिकडे कुणाला तरी एकटं पाठवतेय असं वाटतं."

पणजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणापासून तिला या हाताइतकं सुरक्षित काही वाटलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. आणि कानाशी पणजीचा आवाज आला, एकदम वेगळा, तरुण, घाईघाईचा. "मला दे. तुला नको ना, मग मला दे. तू जा आपली कामाला. मी वाढवते. मी आहे की अजून पंचवीस-तीस वर्षं. माझ्याजवळ ठेव, इथेच, खिडकीत. मला दुसरं काय आहे?" तिनं डोळे उघडले. पणजीच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं जे तिनं सकाळी दवाखान्यातल्या खुर्च्यांवर ओळीनं बघितलं होतं. ती हळूच उठली, यंत्राची डबी बंद केली आणि बाहेर आली. स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला आणि त्या आवाजात उभी राहिली.

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. या शहरात त्या कामाला मरण नव्हतं. त्याची पंचाहत्तरी झाली होती, दिसायचा तिच्याच वयाचा, आणि पहिल्या लग्नाची त्याची मुलगी तिच्यापेक्षा मोठी होती. त्यानं चमचा खाली ठेवला. हाताच्या रेषांमध्ये बसलेलं काळं ग्रीस कितीही धुतलं तरी जात नसे. तो त्याकडेच बघत राहिला.

"तुला हवंय?" तिनं विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"मी तुला विचारतेय."

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला लेकीचं लहानपण आठवत नाही. ती पहिल्यांदा चालली तेव्हा मी तिथे होतो. फोटोत आहे मी, हात पसरून उभा. पण मला ते आठवत नाही. पन्नास वर्षं झाली त्याला. मध्ये इतकं काय काय झालं. मागे ती आली होती तेव्हा म्हणाली, बाबा, मी तुमच्या खांद्यावर बसून काय गाणं म्हणायचे सांगा. मी आपलं काहीतरी सांगितलं. ती हसली. तिला कळलं की नाही, माहीत नाही."

तो फार चांगला माणूस होता. त्यानं तिची ताटली उचलली, धुतली, पुसून ठेवली. पण तिला अंथरुणावर पडल्यावरही तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. हात पसरून उभा असलेला तो, आणि त्याच्याकडे चालत येणारं एक कोरं, चेहरा नसलेलं मूल. आपणही शंभर वर्षांनी असंच विसरून जाऊ. आपण इतकी वर्षं जगू की या मुलाचं बालपण आपल्या आयुष्यातला एखादा आठवडा होऊन बसेल. आणि ते मात्र आपल्याकडे येऊन विचारत राहील, सांग ना, मी कशी होते, मी कसा होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर तिनं दोनदा चुकीचा कान तपासला. संध्याकाळी घरी आली तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत माणसं बसली होती. बिल्डिंगमधली सगळी, तळमजल्यापासून वरपर्यंतची. आपापल्या खुर्च्या घेऊन आली होती आणि भिंतीला लागून, मधली जागा मोकळी सोडून बसली होती. पणजीनं फोन केले होते. मधल्या मोकळ्या जागेत सामान होतं. झबली, टोपडी, लोकरीचे इवलेसे मोजे, एक पांगुळगाडा, एक लाकडी पाळणा, त्याच्या दांडीवर कुणाचे तरी दात उमटलेले. ज्यांच्यासाठी हे विणलं होतं, ती मुलं आता ऐंशीला आली होती. कपड्यांना कापराचा वास होता. ती उंबऱ्यात थबकली आणि एकाच वेळी सगळ्या माना वर झाल्या.

"ये ना," तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. "आम्ही काही त्रास देणार नाही. नुसतं बसतो."

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं. तिला गमतीनं म्हणायचं होतं. आवाज तसा निघाला नाही.

सगळ्यांना वेळच वेळ होता. कुणीतरी आपल्या यंत्राचा आवाज वाढवला, त्याची बारीक शिट्टी खोलीभर पसरली, आणि तिच्या लक्षात आलं की सगळे कान देऊन बसले आहेत. तिच्या पोटाकडे. आतून काही ऐकू येतंय का म्हणून. तिनं दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरली. तेवढ्यात मागून जिन्यावर आईची पावलं वाजली.

आई नगरपालिकेत इंजिनीअर होती. बंद पडलेल्या शाळा मोठ्या माणसांसाठी बदलून द्यायचं काम तिच्याकडे होतं. बुटकी बेसिनं काढून उंच बसवायची, दारांचे खालचे खटके वर सरकवायचे. बहात्तर वर्षांची, ताठ, फार न बोलणारी. तिनं आत डोकावून बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि काय ते तिला कळलं. "पाणी घेतलंत सगळ्यांनी?" ती शांतपणे म्हणाली. "मग आता निघा. खुर्च्या घेऊन जा. हे सामानही घेऊन जा." मावशी म्हणाल्या, "अगं, पण आम्ही—" "निघा," आई म्हणाली. सगळे उठले. पाळणा न्यायला दोघं लागली. पणजी आतल्या खोलीतून काहीतरी बडबडत होती. आईनं तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. पणजीनं तिला आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. तिनं मुलीला नुसतं विचारलं, "उद्या किती वाजता?"

सकाळी आई बरोबर आली. तिनं नको म्हटलं नाही. बायकांच्या दवाखान्याचा पॅसेज लांब होता, भिंती फिकट हिरव्या, बाकाला प्लास्टिकचं आवरण. पॅसेजमध्ये त्या दोघीच होत्या. आईनं पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"मीही वेळ घेतलीये," आई म्हणाली. "तुझ्यानंतरची."

"कसली?"

"तुझ्यासाठी धाकटं आणायचं होतं मला. तू झालीस तेव्हाच ठरवलं होतं, एकटीला ठेवायचं नाही. मग आज नको, उद्या नको. उद्या आहेच म्हणून राहून गेलं. तू टाकीमागे बसली होतीस ना, त्या दिवशी मी रडले होते, तू हरवलीस म्हणून नाही. तू का लपलीस ते मला कळलं होतं म्हणून." तिनं पर्स बंद केली. "डॉक्टरांना विचारलंय मी. म्हणाल्या, होईल. माझं सगळं ठीक आहे म्हणाल्या."

"आई, तू बहात्तर वर्षांची आहेस."

"मला माहितेय माझं वय. पणजीच्या वेळी मायलेकी एकाच खोलीत बाळंतीण असायच्या. मामा भाच्याहून लहान असायचा, दोघं एकाच पाळण्यात. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटायचं नाही." मग ती थांबली. "हे बघ, मी तुला अडकवत नाहीये. तू आत जा आणि तुला करायचं ते कर. तू नाही म्हणालीस तर मीही नाही. एकट्या जिवाला आणायचं नाही आपण. पण तू हो म्हणालीस, तर त्याच्या बरोबरीचं एक मी देते."

तिला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती हसलीही असती. त्याऐवजी तिला कालपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. काल ती एका मुलाला भीत होती, आता दोन झाली. आईचं काही बरंवाईट झालं तर? दोन्ही मुलांना धरायला सगळं शहर हात पुढे करून उभं राहिलं तर? पण दोन, असं मनात आल्याबरोबर आत काहीतरी हललं. टाकीमागे दोघं बसलीयेत. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवलाय, हसू फुटू नये म्हणून. जिन्यावर काठ्या वाजतायत आणि दोघांनाही त्याची गंमत वाटतेय. ते चित्र मोडेल म्हणून ती श्वास रोखून बसली. ते मोडलं नाही. भीतीही गेली नाही. दोन्ही एकमेकांशेजारी बसून राहिली.

नर्स आली. "चला, तुमची तयारी करून घेऊ."

"ते नाही करायचं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला कुणाचा तरी, काचेपलीकडून आल्यासारखा वाटला. "मला नुसतं तपासा. सगळं नीट आहे का ते. आणि मग ही माझी आई आहे, तिलाही."

नर्सनं एकदा तिच्याकडे, एकदा आईकडे बघितलं. "बसा," ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगून येते," आणि आत गेली. आई पायांकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते. शाळेच्या शाळा बदलून टाकणारी बाई. तिला आईला कधी घाबरलेलं बघितल्याचं आठवेना.

"बाळंतपणात फार दुखतं का गं?" आईनं हलक्या आवाजात विचारलं.

"मला काय विचारतेस? तुलाच माहीत."

"आठवत नाही," आई म्हणाली. "काल रात्रीपासून आठवून बघतेय. खोलीतला पंखा आठवतो. एक पातं वाकडं होतं. बाकी सगळं गेलं. अगदी पहिल्यांदाच जातेय असं वाटतंय."

तिनं आईचा हात हातात घेतला. आईनं आपली बोटं तिच्या बोटांत अडकवली. दोघींचे हात सारखेच गार होते. पॅसेजच्या टोकाला दार उघडलं. नर्सनं बाहेर डोकावून विचारलं, "आधी कोण येतंय?" आणि बाकावरच्या त्या दोन पहिलटकरणींपैकी एकीलाही पहिली होऊन उठायचं धाडस होईना.